हौशी मराठी नाटकाचं नेपथ्य, प्रकाश आणि कपडेपट: इंदूरच्या मंडळींचे नेहमीचे प्रश्न

इंदूरात मराठी नाटक करणाऱ्या हौशी मंडळांकडून दर हंगामात तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. अभिनय आणि दिग्दर्शन हा इथला विषय नाही. रंगमंचावर काय उभं करायचं, त्यावर उजेड कसा पाडायचा आणि माणसांच्या अंगावर काय घालायचं, एवढंच. उदाहरणाला दोन नाटकं धरली आहेत: एक रामबागेतल्या जुन्या घरात घडणारं दोन अंकी कौटुंबिक, दुसरं अहिल्याबाईंच्या काळातलं. आपल्याकडची बहुतेक मंडळं या दोनांपैकीच काहीतरी करत असतात.

संहिता पक्की झाली. आधी सेट ठरवायचा, लाइट की कपडे?

तिन्ही एकाच बैठकीत. नेहमी होतं ते असं: सेटची जबाबदारी घेतलेला दादा भिंत मरून रंगात रंगवून मोकळा होतो. कपडेपट सांभाळणाऱ्या काकू घरातला ठेवणीतला शालू आणतात, तोही मरून. लाइटवाला उगवतो थेट प्रयोगाच्या दुपारी आणि सगळीकडे अंबर जिलेटीन (दिव्यापुढे लावायचा पिवळसर-नारिंगी पारदर्शक कागद) लावून देतो. संध्याकाळी नायिका भिंतीला टेकली की तिचं फक्त तोंड आणि हात दिसतात. तिघांनीही आपापलं काम नीट केलेलं असतं, तरी हे होतं.

म्हणून पहिल्या वाचनानंतर एक तक्ता करा. प्रत्येक प्रवेशासमोर चार रकाने: वेळ कोणती, कोण कुठून येतं-जातं, अंगावर काय, हातात काय. हा तक्ता भरेपर्यंत प्लायवुडचा एक तुकडाही विकत घेऊ नका. बसायच्या जागा किती लागतात, दारं किती लागतात, कपडे बदलायला कोणाला किती वेळ मिळतो, हे सगळं त्यातूनच निघतं. घरच्या नाटकात बहुधा दोन दारं आणि एक खिडकी पुरते, आणि आपण पाच दारं रंगवत बसतो.

दिवाणखाना म्हणजे मध्यभागी सोफा आणि मागे जिना, हे चालेल ना?

चालेल, पण कंटाळा आला आहे हो. मधोमध सोफा ठेवला की दोन अंक माणसं त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत राहतात. सोफा एका बाजूला तिरका घ्या, दुसऱ्या बाजूला वेगळ्या उंचीचं काहीतरी द्या. रामबागेतल्या घरात झोपाळा, ओटा, देवघराची पायरी, माजघराचा उंबरठा असं बसण्याउठण्याला भरपूर आहे. उंबरठ्यावर बसून तांदूळ निवडणारी बाई आणि खुर्चीत पेपर वाचणारा माणूस यांच्यात न बोलता अंतर तयार होतं. सोफ्यावर शेजारी-शेजारी बसवलं की तेच अंतर संवादातून सांगावं लागतं.

जिना मात्र वापरणार असाल तरच ठेवा. शोभेचा जिना टेम्पोत अर्धी जागा खातो.

पूर्ण तीन भिंतींचा बॉक्स सेट लागतोच का?

नाही. सानंद या संस्थेमुळे मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं इथे नियमित येतात, प्रेक्षकांची नजर तयार झालेली आहे, आणि मग आपल्याला वाटतं की तसाच गुळगुळीत सेट आपल्याकडेही हवा. त्यांचा सेट घडीचा असतो, तो अनेक प्रयोग चालतो आणि लावणारी माणसं रोज तेच काम करतात. तुमचे प्रयोग दोन किंवा तीन. त्यासाठी तेवढा खर्च अंगाशी येतो.

दाराची एक चौकट, खिडकीची एक, मागे काळा पडदा आणि योग्य सामान एवढ्यात घर उभं राहतं. प्रेक्षकाला खोटी भिंत खटकत नाही, थरथरणारी भिंत खटकते. दार आपटलं की सगळी भिंत हलणार असेल तर ती नसलेलीच बरी. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये ओळीने उभे राहिलेले ब्राह्मणच भिंत होत, पडदा होत. त्याची नक्कल करू नका, पण भिंत लाकडाचीच असली पाहिजे असं नाही हे लक्षात ठेवा.

आणि सामानाच्या बाबतीत आपल्या गावाला एक वारसाच आहे. चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजींनी टाकाऊ वस्तूंतून, वाळक्या पानांतून, मुळांतून काय काय उभं केलं ते इंदूरच्या जुन्या मंडळींनी पाहिलेलं आहे. भंगारवाल्याकडची जुनी जाळी, मोडका कठडा, गंजलेली कडी यांत जो जुनेपणा असतो तो नव्या प्लायवर रंगाने आणता येत नाही.

फ्लॅट, म्हणजे सेटच्या सुट्या भिंती, प्लायचे करावेत की कापडाचे?

कापडाचे. लाकडी पट्ट्यांची चौकट, त्यावर ताणून मांजरपाट, वर रंगाचा हात. आठ बाय चार फुटांची सहा मिलिमीटरची नुसती प्लाय शीटच दहा किलोच्या पुढे जाते, अठरा मिलिमीटरची तीस किलोच्या पुढे, आणि चौकट वेगळी. कापडाचा फ्लॅट एक माणूस उचलतो. मागून तिरका टेका आणि पायाशी वजन दिलं की घट्ट उभा राहतो. वाळूच्या छोट्या पिशव्या शिवून ठेवा, दरवेळी विटा शोधत फिरावं लागत नाही.

प्लाय वापरायची ती लेव्हलसाठी, म्हणजे चढायच्या चौथऱ्यांसाठी, तिथे काटकसर नको. वरची पाटी अठरा मिलिमीटरची आणि खाली दर दोन फुटांना आधार. उंची सहा ते आठ इंच ठेवली तर नऊवारी नेसलेली बाईही खाली न बघता चढते. वर जाड सतरंजी अंथरून खिळ्यांनी पक्की करा, नाहीतर प्रत्येक पावलाला ढोल वाजतो आणि हळवा प्रवेश हास्यास्पद होतो.

सभागृह बघायला जाताना काय मोजायचं?

रवींद्र नाट्यगृह, जाल सभागृह आणि खंडवा रोडचं विद्यापीठाचं सभागृह, तिन्हीकडे एकच सेट जसाच्या तसा बसेल असं धरून चालू नका. मोजायच्या गोष्टी: दर्शनी कमानीची रुंदी, पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतची खोली, दोन्ही विंगांत प्रत्यक्ष मोकळी जागा, दिवे टांगायच्या पाइपची उंची, आणि सामान आत येतं त्या दाराचं माप. हे शेवटचं सगळे विसरतात. लोडिंग रिक्षा दाराशी येऊन थांबते आणि फ्लॅट सहा इंचांनी अडतो.

मग पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवर बसा. तिथून जे दिसत नाही ते त्या माणसाला दोन तास दिसणार नाही. मापं हातात आली की तालमीच्या जागी जमिनीवर चिकटपट्टीने तीच आखणी करा. ज्या नटाने महिनाभर मोकळ्या हॉलमध्ये तालीम केली आहे, तो खऱ्या सेटवर पहिल्याच दिवशी टेबलाला धडकतो.

दिवे किती लागतात?

नटांची वावरायची जागा सहा तुकड्यांत वाटा, पुढे तीन आणि मागे तीन. प्रत्येक तुकड्यावर समोरून दोन दिवे, एक डावीकडून, एक उजवीकडून, दोन्ही साधारण पंचेचाळीस अंशांत वरून. झाले बारा. एका बाजूचा थोडा उबदार आणि दुसऱ्या बाजूचा थोडा थंड ठेवला की चेहऱ्याला गोलाई येते. ही पद्धत अमेरिकेतल्या स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ साली पुस्तकात मांडली, आणि आजही शिकायला तीच सर्वांत सोपी आहे. वरून-मागून तीन दिवे आणखी मिळाले तर माणसं पाठपडद्यापासून सुटी दिसतात. केस काळे, पडदा काळा, अशा वेळी हे तीन दिवे नसले तर नुसते चेहरे तरंगतात.

बारा परवडत नसतील तर आठ घ्या आणि नाटक छोट्या जागेत बसवा. अंधाऱ्या कोपऱ्यात नट उभा करून तिथला संवाद कितीही मोठ्याने म्हटला तरी तो कमीच ऐकू येतो, कारण ओठ दिसले नाहीत की कानांवरचा ताण वाढतो.

एलईडी घ्यावेत की जुने हॅलोजन?

चेहऱ्यासाठी हॅलोजन, रंगासाठी एलईडी. हॅलोजनचा उजेड साधारण ३२०० केल्विनचा, पिवळसर, आपल्या कातडीला आणि जरीला खुलवणारा. मंद केला की आणखी उबदार होत जातो. स्वस्त एलईडी दिवे लाल, हिरवा, निळा मिसळून पांढरा करतात. त्यात चेहरा राखट दिसतो, कुंकू जांभळटाकडे झुकतं आणि हळद लावलेली नवरी आजारी वाटते. एलईडीच घ्यायचे असतील तर ज्यात वेगळा पांढरा आणि अंबरही आहे असे मागा.

दुसरी खोड म्हणजे मंद होताना शेवटच्या टप्प्यात ते हळूहळू विझत नाहीत, झटक्यात बंद होतात. म्हातारीच्या मृत्यूचा प्रवेश असेल तर तो एकच दिवा हॅलोजनचा मागून घ्या.

दोन एलईडी आपोआप एकत्रच पेटतात. बिघाड आहे का?

बहुधा नाही. दोघांना एकच पत्ता दिला गेला आहे. डीएमएक्सच्या (दिव्यांना हुकूम पोचवणाऱ्या पद्धतीच्या) एका तारेवर ५१२ चॅनेल असतात. दिवा सात चॅनेलचा असेल तर पहिल्याचा पत्ता १, दुसऱ्याचा ८, तिसऱ्याचा १५. दिव्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर बदलता येतो.

हॉलमधली वीज पुरेल का?

आकडेमोड करून जा. हजार वॉटचा एक हॅलोजन २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर ओढतो. सोळा अँपिअरच्या एका लाइनवर तीन चालतात, चौथा लावला की ट्रिप. बारा हॅलोजन एकाच वेळी पूर्ण पेटवले तर बावन्न अँपिअर होतात, ते भिंतीतल्या सॉकेटचं काम नव्हे. स्वतंत्र जोडणी आणि डिमर रॅक (दिवे कमी-जास्त करणारं यंत्र) लागतो, आणि तो लावायला इलेक्ट्रिशियन. तेवढ्याच संख्येचे दीडशे वॉटचे एलईडी आठ अँपिअरच्या आत भागतात. छोट्या हॉलमध्ये एलईडीच्या बाजूने सगळ्यात मोठं कारण हेच आहे, मग कुंकू थोडं जांभळं दिसलं तरी.

गुंडाळी न सोडलेल्या एक्स्टेन्शनवर भारी दिवा लावू नका, ती वायर तापते. तारा माणसांच्या वाटेतून नेऊच नका, न्याव्या लागल्या तर पूर्ण लांबीभर चिकटपट्टी मारा.

रात्रीचा प्रवेश कसा करायचा? निळा मारला तर कोणी दिसत नाही.

निळा मारायचा तो माणसांवर नाही, मागच्या पडद्यावर आणि वरून-मागून. चेहऱ्यावर उजेड येण्याला गोष्टीतलं कारण द्या: कंदील, समई, रस्त्यावरचा दिवा, अर्धवट उघड्या दारातून येणारी पिवळी पट्टी. कंदिलात छोटा बॅटरीचा बल्ब ठेवा, आणि खरा उजेड कंदिलाच्या दिशेने टांगलेल्या उबदार दिव्याने द्या. नटाने कंदील हलवला की लाइटवाल्याने बघायला हवं, म्हणून हा क्यू (उजेड बदलायची खूण) तालमीत घोकून घ्या. एक गंमत लक्षात घ्या: रात्रीच्या प्रवेशाआधीचा प्रवेश भरपूर उजेडाचा असेल तर प्रेक्षकाला तुमचा चाळीस टक्के उजेडही रात्र वाटतो.

क्यू शीट कशी लिहायची?

शब्दावर लिहा, घड्याळावर नाही. आमच्या धर्तीचा नमुना:

क्यू ११. आजी म्हणते, “कडी लाव गं आतून.” ‘आतून’ शब्दावर. दिवाणखाना सत्तर टक्क्यांवरून तीसवर, सहा सेकंद. देवघर तसंच.
क्यू १२. सुनेने समईची वात सारली की. देवघर चाळीसवरून साठवर, दोन सेकंद.
क्यू १३. बाहेरून रिक्षा थांबल्याचा आवाज संपला की. खिडकीची पट्टी शून्यावर, लगेच.

प्रत्येक ओळीत तीन गोष्टी असल्या पाहिजेत: कशावर, किती, किती वेळात. “मूड सॅड” असं लिहिलेली शीट घेऊन बसलेला ऑपरेटर प्रत्येक प्रयोगात वेगळं नाटक करतो.

ब्लॅकआउट जपून वापरा. दर प्रवेशानंतर अंधार आणि अंधारात खुर्च्यांची ओढाओढ, यात लोक मोबाइल काढतात. शक्य तिथे नटांनाच सामान हलवू द्या, उजेडातच. अंधार लागलाच तर कोपऱ्यांना, लेव्हलच्या कडांना रेडियम पट्टी.

अहिल्याबाईंच्या नाटकात मागे राजवाडा रंगवला तर?

नका रंगवू. आपला राजवाडा आपल्याला कितीही प्रिय असला तरी अहिल्याबाईंचा कारभार, १७६७ ते १७९५, महेश्वरहून चालला. होळकरांची राजधानी इंदूरला आली ती १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर. प्रेक्षागृहात कोणीतरी इतिहासाचे निवृत्त मास्तर असतातच आणि ते मध्यंतरात भेटायला येतात.

महेश्वर म्हणजे नर्मदा आणि घाट, आणि घाट म्हणजे पायऱ्या. नेपथ्यकाराला यापेक्षा काय हवं? तीन-चार लेव्हलची उतरण, दगडी राखाडी रंग, वर एक कमान, बस्स. दरबारही त्याच पायऱ्यांवर भरवता येतो: बाई वरच्या पायरीवर, फिर्यादी खालच्या. वेगळा सिंहासनाचा सेट लागत नाही.

पाण्यासाठी जुनी युक्ती: विंगेत उथळ परात, त्यात बोटभर पाणी आणि तळाशी आरशाचे तुकडे. एक प्रखर दिवा खालून तिरका परातीवर सोडायचा आणि परावर्तन मागच्या पडद्यावर जाईल असा कोन धरायचा. कोणीतरी बोटाने पाणी हलवत बसायचं. पडद्यावर नर्मदेच्या लाटा चालतात. दिवा आणि त्याची तार पाण्यापासून लांब, स्टँडला घट्ट बांधलेली, आणि परातीशी बसणारा माणूस मोठा असावा, पोर नको.

त्याऐवजी एलईडी वॉलवर नर्मदेचा व्हिडिओ लावला तर?

लावतात हल्ली. वॉल स्वतःच दिवा असल्याने पुढचा नट सावली होतो, मग चेहरा दिसावा म्हणून पुढचे दिवे वाढवायचे, मग वॉल फिकी पडते म्हणून तिची चमक वाढवायची. प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी १९५९ मध्ये कोलकात्याच्या ‘अंगार’ नाटकात कोळशाच्या खाणीत चढणारं पाणी निव्वळ दिव्यांनी दाखवलं होतं. प्रेक्षकाला अर्धं काम करू द्यावं या मताचा मी आहे. ज्यांना वॉलच हवी त्यांनी निदान हलणारं चित्र टाळावं, कारण डोळा हलत्या गोष्टीकडे जातो आणि नट मार खातो.

अहिल्याबाईंची साडी पांढरी घ्यायची ना?

पांढरीच. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरला मारले गेले, त्यामुळे कारभार हाती घेतलेल्या अहिल्याबाई वैधव्याच्या वेशातच लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत. पण नीळ दिलेला शुभ्र पांढरा रंगमंचावर घेऊ नका. दिव्याखाली तो भगभगतो, आजूबाजूचे चेहरे काळे पडतात आणि व्हिडिओत साडीच्या जागी पांढरा ठिपका येतो. साडी चहाच्या पातळ पाण्यात बुडवून वाळवा, किंवा मुळातच न धुतलेल्या सुताच्या रंगाची घ्या. शेवटच्या रांगेतून ती पांढरीच दिसते.

बाकीच्या बायकांसाठी माहेश्वरी आहेच. महेश्वरला विणकर वसवले ते अहिल्याबाईंनीच. माहेश्वरीच्या किनारीत लहर, चटई, वीट, हिरा असे नमुने असतात आणि किनार दोन्ही बाजूंनी वापरता येते, म्हणजे उलटी-सुलटी नेसून एका साडीत दोन प्रवेश निघतात. मात्र आजची माहेश्वरी सहावारी मिळते. नऊवारी हवी तर विणकराकडे आधी सांगावं लागेल, किंवा जुळत्या सुती कापडाला किनार लावून शिवून घ्यावं लागेल. पॉलिएस्टरचा झगमगाट मात्र कुठल्याही अठराव्या शतकात बसत नाही.

शिवलेली नऊवारी चालते का?

कपडे बदलायला दोन मिनिटंच असतील तर तीच घ्या. फक्त वेल्क्रो लावू नका. विंगेतला त्याचा चर्रर्र आवाज शांत प्रवेशात पाचव्या रांगेपर्यंत जातो. मोठे हूक, अंधारात हाताला लागतील असे. आणि तालमीत पहिल्या आठवड्यापासून जुनी साडी नेसूनच उभं राहा. पंजाबी ड्रेसवर तालीम केलेली मुलगी प्रयोगाला नऊवारीत चालते तेव्हा पावलं तिची नसतात.

कापडाचा रंग दिव्याखाली कसा दिसेल हे आधी कसं कळणार?

शीतलामाता बाजारात दुकानाच्या पांढऱ्या ट्यूबखाली ठरवू नका. वीतभर तुकडा मागून घ्या, घरी आणा, तुम्ही वापरणार तेच जिलेटीन टॉर्चपुढे धरून त्यावर उजेड टाका. हिरव्या उजेडात लाल कापड काळपट होतं, अंबरमध्ये निळं मळकं होतं. हलक्या गुलाबी उजेडात बहुतेक सगळं बरं दिसतं, म्हणून लाइटवाले त्याच्या प्रेमात असतात.

दुसरी चाचणी आणखी सोपी आहे. भिंतीच्या रंगाचा नमुना आणि साडीचा तुकडा शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. दोन्ही एकाच राखाडी छटेत आले तर लांबून ते एकमेकांत मिसळणार. मरून आणि बाटली हिरवा हे रंग हातात धरले तर किती वेगळे! फोटोत बघा.

आजच्या काळातलं नाटक आहे, कपडे घरचेच आणायला सांगितले तर?

सांगा, पण प्रत्येकाला तीन जोड आणायला सांगा आणि निवड एकाच माणसाने करावी. नाहीतर सहाजण निळे चेक्सचे शर्ट घालून येतात. बारीक चेक्स आणि बारीक रेघा व्हिडिओत वळवळतात, तेही टाळा. इस्त्री केलेला कोरा शर्ट कोणाच्याच घरात संध्याकाळी सात वाजता नसतो. कोपर थोडं चुरगळलेलं असू दे. छातीवर माइक असेल तर मंगळसूत्र त्याला घासतं, खडखड स्पीकरवर येते. माइक केसांत किंवा खांद्याकडे घ्या.

रंगभूषा?

जवळून थोडी जास्त वाटेल इतकीच. एलईडीखाली गुलाबी पावडर उठून दिसते, पिवळसर छटेची वापरा. ज्या दिव्याखाली नट उभा राहणार तोच दिवा मेकअपच्या आरशाशी असावा, एवढी एक सोय झाली तरी पुष्कळ.

गणेशोत्सवात मंडपात प्रयोग आहे. काय बदलायचं?

जवळजवळ सगळं. वारा असतो, म्हणून कापडाचे फ्लॅट शिडासारखे फुगतात. उभे फ्लॅट सोडून द्या, बसकं सामान आणि दाराची एक चौकट न्या. मंडपाच्या ट्यूबलाइट प्रयोगापुरत्या बंद करायला मंडळाच्या अध्यक्षांकडून आधी कबूल करून घ्या, ऐनवेळी स्विच कोणाला सापडत नाही. ब्लॅकआउट विसरा, कारण समोरची पाणीपुरीची गाडी बंद होणार नाही. खोल रंग, मोठ्या आकृत्या, ठळक किनारी असं काही घ्या. खरी ज्योत नको, मंडप कापडाचा असतो.

सामान इंदूरात कुठे बघायचं?

हार्डवेअर सियागंजला, वायर, सॉकेट, बल्ब महारानी रोडला. मांजरपाट आणि पडद्याचं कापड क्लॉथ मार्केटमध्ये ठोकात घ्या, नाटक मंडळ म्हणून सांगितलं तर थोडं कमीही करतात. जुनं फर्निचर विकत घेऊ नका, ओळखीच्या घरातून दोन दिवसांसाठी मागा, आणि परत करताना पुसून द्या, पुढच्या वर्षी पुन्हा मागायचं असतं.

पैसे कमी पडले तर कशात कपात करावी?

आधी सेटमध्ये. मग कपड्यांच्या संख्येत, प्रतीत नव्हे. समोरच्या दिव्यांत शेवटी. तांत्रिक तालमीला मात्र कात्री लावू नका: हॉल अर्धा दिवस जास्त घ्यावा लागला तरी घ्या, आणि त्या दिवशी नटांना संवाद पूर्ण म्हणायला न लावता फक्त एका क्यूवरून दुसऱ्या क्यूवर जा. लाइटवाल्याला तालमीला येण्याचे वेगळे पैसे द्या. त्याने नाटक आधी पाहिलेलं असेल तर निम्मे घोळ होतच नाहीत.

प्रयोगानंतर कपडे आणि सामान कसं ठेवायचं?

कपडे घामासकट पेटीत टाकू नका, त्याच रात्री वाऱ्यावर टाका. जरीच्या साड्या सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि घडी अधूनमधून बदला. फ्लॅट उभे ठेवा, आडवे ठेवले की चौकट वाकते. प्रत्येकाच्या मागे नाटकाचं नाव आणि माप खडूने नको, रंगाने लिहा. जिलेटीनचे तुकडे रंगानुसार जुन्या वह्यांत घालून ठेवता येतात, फक्त जळके, पांढरे पडलेले काढून टाका.